पाहुण्यांच्या खोल्या : घरी चालवाव्या, बटईने द्याव्या की मक्त्याने?

रामटेक तालुका हा प्रामुख्याने धानाचा तालुका होय. तलावांच्या पाण्यावर पिकणारे धान आणि विड्याच्या पानांचे मळे ही त्याची जुनी ओळख. तथापि, ह्या तालुक्यास आणखी एक देणगी लाभली आहे. गडावरील राममंदिर, कालिदास स्मारक, खिंडसीचा विस्तीर्ण तलाव, मनसर येथील वाकाटककालीन अवशेष आणि उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्प ह्यांमुळे नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील ह्या मुलखात वर्षभर लोकांची ये-जा असते. पेंचचे आकाश रात्री काळोखे राहते म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्यास भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून तारे पाहण्यासाठी येणाऱ्यांचीही त्यात भर पडली आहे.

साहजिकच चोरबाहुली, सिल्लारी, खुर्सापार ह्या प्रवेशद्वारांच्या वाटेवरील व खिंडसीच्या परिसरातील काही शेतकरी बांधवांनी शेतघराला लागून पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या बांधल्या आहेत व काही बांधू पाहत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यामुळे ह्या उद्योगास शासनमान्य जोडधंद्याचे स्थान प्राप्त झाले आहे. खोल्या कशा बांधाव्या ह्याविषयी सल्ला देणारे पुष्कळ आहेत. परंतु बांधलेल्या खोल्या कोणी व कोणत्या रीतीने चालवाव्या हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी, घाईघाईने व समोरच्याच्या तोंडच्या आकड्यावर विसंबून सोडविला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हाच निर्णय सर्वांत महत्त्वाचा होय. कारण खोली भिंतींनी उभी राहते, पण शेतकऱ्याच्या हाती काय उरते हे कारभाराच्या रीतीवर ठरते.

जमिनीचीच रीत खोल्यांना

शेतकऱ्यास हा प्रश्न वस्तुतः नवा नाही. जमीन कसण्याच्या ज्या रीती आपल्याकडे रूढ आहेत, त्याच येथेही लागू पडतात. पहिली रीत म्हणजे जमीन घरी वाहणे. दुसरी, सालदार ठेवून आपल्या देखरेखीखाली वाहणे. तिसरी, बटईने देणे. चौथी, ठरलेल्या रकमेवर मक्त्याने देणे. खोल्यांचेही तसेच आहे. घरच्या माणसांनी पाहुण्यांची व्यवस्था पाहावी, पगारी माणूस ठेवावा, वसुलीच्या टक्केवारीवर एखाद्या व्यवस्थापक कंपनीकडे द्यावे, अथवा दरमहा ठराविक रक्कम घेऊन खोल्या दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्या, असे चार मार्ग शेतकऱ्यापुढे असतात.

ह्यांतील तिसरा मार्ग शेतकऱ्यास सर्वांत ओळखीचा व न्याय्य वाटतो. "जे येईल त्यात तुमचा वाटा, आमचा वाटा" असे कोणी म्हटले की बटईची आठवण होऊन मन निःशंक होते. परंतु येथे दोन मोठे फरक आहेत व ते नीट ध्यानी घेतले पाहिजेत. शेतीच्या बटईत बी-बियाणे व खताचा खर्च कोणी किती सोसावयाचा हे आधी ठरते व त्या मानाने वाटणी होते. खोल्यांच्या ह्या नव्या बटईत मात्र कंपनी आपला वाटा एकूण वसुलीतून आधी उचलते आणि वीज, धुलाई, साबण, चादरी, दुरुस्ती हा खर्च पुष्कळदा मालकाच्याच वाट्यास राहतो. दुसरा फरक त्याहून गंभीर आहे. बटईचे धान खळ्यावर दोघांच्या डोळ्यांसमोर मोजले जाते. येथे खळेच नाही. किती पाहुणे आले, किती दराने उतरले, किती जणांनी येणे रद्द केले, हे सारे कंपनीच्या संगणकात व मोबाइलमध्ये राहते. महिनाअखेर शेतकऱ्याच्या हाती एक आकडा येतो, रास मात्र त्याला दिसत नाही.

एक हिशेब मांडून पाहू

हा फरक रुपयांत किती होतो ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालून पाहावे.

समजा, तीन खोल्या आहेत. दर रात्री १,५०० रुपये भाडे आहे व प्रत्येक खोली वर्षातून ८० रात्री भरते. म्हणजे एकूण २४० रात्रींचे ३,६०,००० रुपये होतात. वीज, धुलाई, साबण इत्यादींचा खर्च दर रात्री प्रत्येक खोलीमागे ३०० रुपये धरला तर ७२,००० रुपये लागतात. निम्मे पाहुणे संकेतस्थळांमार्फत आले व त्यांच्या भाड्यावर २० टक्के दलाली गेली तर ३६,००० रुपये होतात. वार्षिक रंगरंगोटी व दुरुस्ती ३०,००० रुपये धरू. हे सर्व वजा जाता २,२२,००० रुपये उरतात. परंतु हिशेब येथे संपत नाही. प्रत्येक खोलीमागे दर मुक्कामी रात्रीस दोन तासांचे काम धरल्यास वर्षाचे ४८० तास, म्हणजे आठ तासांचे ६० दिवस होतात. हे श्रम बहुतेक घरांत गृहिणीचे असतात व म्हणूनच ते कोठेही लिहिले जात नाहीत. दिवसास ४०० रुपयांप्रमाणे त्यांचे २४,००० रुपये धरले, की घरी चालविण्याचे खरे उत्पन्न १,९८,००० रुपये ठरते.

आता ह्याच खोल्या ३५ टक्के वाट्याने कंपनीस दिल्या, असे समजू. संकेतस्थळांची दलाली व झाडलोट करणारा माणूस कंपनीचा. इतर खर्च मालकाचा. कंपनीचा वाटा १,२६,००० रुपये, नित्याचा खर्च ७२,००० रुपये व दुरुस्ती ३०,००० रुपये वजा जाता मालकास १,३२,००० रुपये मिळतात. घरी चालविण्याइतके उत्पन्न हवे असेल तर कंपनीने २४० ऐवजी ३३८ रात्री भरून दाखविल्या पाहिजेत. म्हणजेच प्रत्येक खोली ८० ऐवजी सुमारे ११३ रात्री भरली पाहिजे. कंपनीचा मनुष्य घरी आला असता त्यास विचारावयाचा पहिला प्रश्न हाच होय : "ह्या अधिक रात्री आपण कोठून आणणार व न आल्यास काय?"

मक्त्याचे उदाहरण त्याहून सोपे आहे. दरमहा १०,००० रुपये ठरले, तर वर्षाचे १,२०,००० रुपये येतात. मोठ्या दुरुस्तीचे १५,००० रुपये मालकाने सोसले तरी १,०५,००० रुपये राहतात. चांगल्या वर्षी ही रीत सर्वांत कमी देते, ह्यात शंका नाही.

परंतु शेतकरी केवळ चांगल्या वर्षाचा विचार करीत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली व पर्यटन एकाएकी थांबले, हे आपण पाहिलेले आहे. तेव्हा रात्री निम्म्या झाल्या, म्हणजे १२० च भरल्या, तर काय होईल? घरी चालविल्यास सर्व खर्च व घरची मजुरी वजा जाता ८४,००० रुपये हाती येतात. मक्त्याचे १,०५,००० रुपये, मक्तेदार टिकला तर, तसेच राहतात. आणि टक्केवारीच्या वाट्याने अवघे ५१,००० रुपये उरतात. म्हणजे जी रीत दिसावयास सर्वांत न्याय्य, तीच चांगल्या वर्षी घरच्या कारभाराहून उणी व वाईट वर्षी सर्वांत उणी ठरते. कारण जोखीम मालकाची राहते आणि वाटा मात्र आधी उचलला जातो. कर्ज काढून खोल्या बांधल्या असतील तर हे अधिकच विचार करण्यासारखे आहे. कारण बँकेचा हप्ता पाहुण्यांची वाट पाहत नाही.

धानाचे पंचांग व पाहुण्यांचे पंचांग

ह्यावरून सर्वांनी खोल्या घरीच चालवाव्या असा सरसकट सल्ला देणे योग्य होणार नाही. हिशेबात ६० दिवसांचे श्रम धरले. ते दिवस कोणते, हे पाहिल्याखेरीज निर्णय करू नये.

रामटेककडील शेतीचे व पर्यटनाचे पंचांग शेजारी मांडले असता एक गोष्ट अनुकूल दिसते. पावसाळ्यात पेंचच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते व त्याच काळात चिखलणी व रोवणी जोरात असते. ह्या दिवसांत गडावर येणारे लोक पुष्कळ असतात, परंतु ते बहुधा त्याच दिवशी परत जातात. म्हणून रोवणीच्या काळात खोल्या सरळ बंद ठेवाव्या, त्यांची दुरुस्ती करावी व मनुष्यबळ बांधीत लावावे. मे महिन्यातील सुट्यांतही, ज्याच्याकडे उन्हाळी धान नाही, त्याच्या घरी हात मोकळे असतात. जंगलालगतच्या गावांत मात्र मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपाने वेचण्याचे काम असते. त्या घरांनी ते उत्पन्न खोल्यांपायी गमावू नये.

खरी ओढाताण होते ती दिवाळीच्या सुमारास. शाळांच्या सुट्या, त्रिपुरी पौर्णिमेची रामटेकची यात्रा व पेंचचा नव्याने सुरू झालेला हंगाम हे सर्व एकाच वेळी येते आणि त्याच वेळी धान कापणीस आलेले असते. खोली भरली म्हणून कापणी लांबविली तर धान झडते; कापणीस गेले तर पाहुणा दारात उभा राहतो. ज्या घरात ह्या चार-सहा आठवड्यांसाठी एक प्रौढ व्यक्ती शेतापासून पूर्णतः मोकळी राहू शकत नाही, त्या घराने तेवढ्या काळापुरता पगारी माणूस ठेवावा किंवा मोजक्याच रात्री घ्याव्या. पानमळा किंवा दुधाची जनावरे ज्यांच्याकडे आहेत, त्यांचे काम तर वर्षाचे ३६५ दिवस चालू असते. अशांनी स्वतः खोल्या चालविण्याच्या भरीस पडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

ह्या संदर्भात इटली देशाचे उदाहरण मार्गदर्शक आहे. तेथे १९८५ साली शेतघरी पाहुणे ठेवण्याविषयी राष्ट्रीय कायदा झाला, व त्यात शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुण्यांचा उद्योग तिला जोडून असला पाहिजे, असे तत्त्व घालण्यात आले. आपणही हे तत्त्व मनाशी बाळगणे हितावह होय. खोल्या शेतीस आधार व्हाव्यात. शेती ही खोल्यांची केवळ शोभा होऊन राहू नये. पाहुणा येतो तो धानाची बांधी, बैलजोडी, चुलीवरची भाकर पाहावयास. बांधी पडीक पडली तर खोलीचे मोलही उतरते.

कोणी कोणती रीत निवडावी

वरील विवेचनावरून प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे : ज्या घरात एक प्रौढ व्यक्ती बहुतेक काळ घरी असते, पाहुण्यांशी बोलण्याची तिला आवड आहे व खोल्या दोन-तीनच आहेत, त्या घराने खोल्या स्वतः चालवाव्या. निदान पहिली दोन वर्षे तरी चालवाव्या. त्यायोगे कोणत्या महिन्यात किती पाहुणे येतात, काय मागतात, किती दर देतात ह्याची माहिती स्वतःच्या वहीत जमते. पुढे खोल्या दुसऱ्यास द्यावयाच्या झाल्या तरी ही वही हेच शेतकऱ्याचे मोजमाप ठरते. ज्यास आपल्या जमिनीचा उतारा ठाऊक नाही, त्याने मक्ता काय म्हणून ठरवावा?

ज्या घरी वृद्ध आई-वडीलच आहेत व मुले नोकरीसाठी नागपूरला किंवा त्याहून दूर आहेत, त्यांनी मक्त्याने देण्यात कमीपणा मानू नये. थोडे परंतु निश्चित उत्पन्न हे त्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. मात्र मुदत अल्प असावी व अनामत रक्कम आधी घ्यावी. टक्केवारीने देण्याची रीत तिसऱ्या क्रमांकाची समजावी. कंपनी किमान रकमेची लेखी हमी देत असेल आणि नोंदवही रोजच्या रोज दाखवीत असेल, तरच ती पत्करावी.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हा निर्णय ओसरीवर चार पुरुषांनी बसून करावयाचा नव्हे. अंथरुणे काढणार कोण, पहाटे चहा करणार कोण, रात्री उशिरा येणाऱ्यास दार उघडणार कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते. ज्या माऊलीच्या श्रमांवर हा उद्योग उभा राहावयाचा, तिची संमती प्रथम घ्यावी, तिचे श्रम हिशेबात मजुरी म्हणून लिहावे व ती रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करावी. असे केल्याने घर चालविण्याची रीत खरोखर परवडते की नाही, हेही आपोआप उघड होते.

कागदावर काय असावे

खोल्या दुसऱ्याच्या हाती देताना करार लेखी करून त्याची नोंदणी करावी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यकच आहे. करारात फक्त खोल्या व त्यांचा वापर ह्यांचाच उल्लेख असावा. शेतजमिनीचा गट किंवा सातबारा त्यात गोवू नये. विदर्भात १९५८ चा कुळकायदा लागू आहे. घराबरोबर जमीनही दुसऱ्याच्या वहिवाटीस दिल्यास प्रश्न निराळे व गुंतागुंतीचे होतात. मुखत्यारपत्र किंवा कोऱ्या कागदावर सही कोणत्याही कारणास्तव देऊ नये.

टक्केवारीचा करार असेल तर वाटा एकूण वसुलीवर की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे स्पष्ट लिहून घ्यावे. कोणता खर्च कोणाचा, ह्याची यादी जोडावी. पाहुण्यांच्या नोंदी पाहण्याची सोय मालकाच्या मोबाइलवर रोज असावी. हेच आपले खळे. संकेतस्थळावरील खाते, खोल्यांचे नाव व संपर्काचा क्रमांक मालकाच्या नावे असावा. नाहीतर करार संपताच जुने पाहुणे, त्यांचे अभिप्राय व वर्षानुवर्षांचा नावलौकिक कंपनीबरोबर निघून जातो आणि मालकाकडे केवळ भिंती उरतात. घरच्या लग्नकार्यासाठी काही रात्री राखून ठेवाव्या. करार मोडण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यावयाची, तेही लिहावे.

कोणतीही रीत असो, हे टाळता येत नाही

बांधकामापूर्वी ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात, आणि गाव पेंचच्या बफर क्षेत्रात असल्यास वन विभागाकडेही, कोणती परवानगी लागते ह्याची चौकशी करावी. कृषी पर्यटन केंद्र म्हणून पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी. केंद्र शासनाची घरगुती निवास-न्याहारीची योजनाही आहे. तीत १ ते ६ खोल्यांची घरे बसतात, परंतु मालकाचे कुटुंब त्याच घरी राहत असले पाहिजे. मक्त्याने देऊन गावाबाहेर राहणाऱ्यास ती उपयोगी नाही. जेवण देत असल्यास अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत शासनास कळवावी लागते.

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून शेतातील खोलीचे भाडेही मुक्त असेल असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे; त्याचा हिशेब वेगळा ठेवावा. जीएसटीच्या बाबतीत, वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असणाऱ्या लहान व्यावसायिकास सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही आणि अशा मालकाकडे संकेतस्थळामार्फत आलेल्या पाहुण्याचा कर संकेतस्थळच भरते. तरी आपल्या बाबतीत काय लागू आहे ते जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावे.

पाचवी रीत : एकमेकांच्या आधाराने

वर सांगितलेल्या चार रीतींखेरीज एक पाचवीही आहे व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. लडाखमधील काही गावांत घरोघरी पाहुणे ठेवण्याचा उपक्रम आहे. त्यात पाहुणे पाळीपाळीने वेगवेगळ्या घरी पाठविले जातात व उत्पन्नाचा काही भाग गावाच्या निधीत जातो. आपल्याकडेही एका गावातील पाच-सहा घरांनी एकत्र येऊन एकच संपर्क क्रमांक, एकच नोंदवही व एकच दर ठेवण्यास काय हरकत आहे? एका घरी कापणी असेल तेव्हा पाहुणा दुसऱ्या घरी जाईल. चादरी धुण्याचे व जेवणाचे काम महिला बचत गटाकडे देता येईल. कंपनी जे काम ३५ टक्क्यांत करते, त्याचा मोठा भाग गावातील एखादा शिकलेला तरुण किंवा तरुणी ठराविक मेहनतान्यावर करू शकेल; आणि खळे गावातच राहील.

पेंचच्या काळोख्या आकाशासाठी वाघोली, सिल्लारी आदी गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली वळविण्यात आला. एकट्या घराने आपला दिवा झाकून आकाश काळोखे राहिले नसते. साऱ्या गावाने केले म्हणून ते साधले. पाहुण्यांच्या उद्योगालाही हेच लागू आहे. एका घराने भडक दिवे लावले, दर पाडला किंवा पाहुण्यास फसविले तर सर्वांचे नुकसान होते.

कार्यकर्त्यांस एवढीच सूचना करावीशी वाटते की, खोल्या बांधू इच्छिणारा शेतकरी भेटला असता त्यास नकाशा दाखविण्याआधी एका कोऱ्या कागदावर बारा महिने लिहावयास सांगावे. प्रत्येक महिन्यासमोर शेतीचे काम, पाहुण्यांची शक्यता व घरातील मोकळे हात लिहून घ्यावे. त्याखाली वर दाखविलेला हिशेब चांगल्या वर्षाचा व वाईट वर्षाचा असा दोनदा मांडावा. तो कागद घरातील सर्वांनी, विशेषतः घरधनिणीने, वाचावा. कोणती रीत आपल्या घरास मानवेल, ते बहुधा त्या कागदावरूनच दिसून येईल. आणि मग कोणी कितीही गोड आकडा घेऊन दारात आला, तरी शेतकरी त्यास आपला कागद दाखवून बोलू शकेल.